मजले मोजण्याआधी पाणी मोजावं

जायकवाडीचं धरण काठोकाठ भरलं की पाण्याची पातळी १५२२ फुटांवर जाते, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. छत्रपती संभाजीनगर शहर वसलंय साधारण ५६८ मीटरवर. नाथसागर तुडुंब असला तरी पैठणचं पाणी शहरात यायला आधी शंभर मीटरहून जास्त चढ चढतं. मग ते जलकुंभात थांबतं, गल्लीबोळांतल्या वाहिन्यांतून फिरतं आणि बीड बायपासकडे उभ्या राहिलेल्या एखाद्या चौदा मजली इमारतीच्या तळटाकीत पडतं. तिथून गच्चीवरच्या टाकीपर्यंत त्याला आणखी ४८ मीटर जायचं असतं. मराठवाड्यातल्या उंच इमारतीचा विचार पायापासून सुरू करण्याची आपल्याला सवय आहे. माझ्या मते तो या चढापासून सुरू व्हायला हवा.

हे शहर चारशे वर्षांपूर्वी पाण्याच्या उताराकडे बघूनच वाढलं. मलिक अंबरची नहर डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून गावात आणायची. पंप नव्हता, होता तो फक्त उतार आणि ठरावीक अंतरावर उभे केलेले बंब, म्हणजे पाण्याचे उंच मनोरे. पाणी जितकं चढेल तितकीच वस्तीची उंची. पुढे सिडको आली, एन-सेक्टरमध्ये बैठी आणि एकमजली घरं झाली, गुंठेवारीत शहर आडवं पसरलं. आता ते उभं वाढतंय. जागेचे भाव चढले, डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, रुंद रस्त्यालगत जास्त चटईक्षेत्र मिळू लागलं. जिथे पूर्वी तळमजला अधिक तीन मजले ही मोठी इमारत वाटायची, तिथे बारा-चौदा मजल्यांचे नकाशे मंजूर होऊ लागले.

उंच इमारतीला माझा विरोध नाही. आडवं पसरलेलं शहर महाग पडतं. दर किलोमीटरला पाण्याची वाहिनी, ड्रेनेज, पथदिवे, रस्ता लागतो आणि गळतीही वाहिनीच्या लांबीबरोबर वाढते. छप्पन्न कुटुंबं एका एकरात राहिली तर त्यांच्यापर्यंत एकच जोडणी न्यावी लागते. पण परवानगीच्या कागदांत मजले कशावरून ठरतात? रस्त्याची रुंदी, भूखंडाचं क्षेत्रफळ, सामासिक अंतरं म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, टीडीआर म्हणजे विकत घेतलेला हस्तांतरणीय विकास हक्क, विमानतळ जवळ असेल तर प्राधिकरणाचा उंचीचा दाखला. या दाखल्यात उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, त्यामुळे चढावरच्या भूखंडाला कमी मजले मिळतात. विमानासाठी आपण समुद्रसपाटीपासून उंची मोजतो. पाण्यासाठी मात्र मोजत नाही.

तो हिशेब अवघड नाही. चौदा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, एकूण छप्पन्न. घरटी पाच माणसं धरली तर २८०. शहरी पाणीपुरवठ्याचं मान माणशी रोज १३५ लिटर. गुणाकार ३७,८०० लिटर येतो. रोज पाणी येणाऱ्या गावात दीड दिवसाचा साठा पुरतो. पाणी पाच दिवसांनी येत असेल, आणि आपल्याकडे याहून जास्त खंड पडल्याचे दिवस लोकांनी काढलेत, तर नुसता साठा १,८९,००० लिटरचा हवा. म्हणजे आतून नऊ मीटर लांब, सात मीटर रुंद आणि पाण्याची खोली तीन मीटर अशी टाकी. वर अर्धा हात मोकळी जागा वेगळी. बहुतेक नकाशांत तळटाकी दीड-दोन दिवसांची असते, कारण टाकीची जागा पार्किंगमधून जाते आणि पार्किंग विकता येतं. मग राहिलेल्या दिवसांसाठी टँकर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज जवळपास चार. टँकरला आत वळायला जागा, त्याचं वजन पेलेल असा रस्ता आणि टाकीच्या तोंडापर्यंत पोहोचेल असा पाइप, हे तिन्ही नकाशावर कुठेच नसतं. भरलेला दहा हजारी टँकर पंधरा टनांच्या आसपास जातो. तो तळघराच्या छतावरून रोज फिरणार असेल तर त्या स्लॅबचं डिझाइन कारच्या भाराचं असून चालत नाही. या स्लॅबला खालून बारीक तडे दिसायला लागले की माणसं वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात, पण तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो.

शहराची नवी पाणी योजना डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा १६८० कोटींची होती, नंतर तिचा आकडा २७४० कोटींवर गेला. जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या वाहिन्यांच्या जोडीला त्यात २५०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी आहे. ती शहराला हवीच होती. पण मोठी वाहिनी गावाच्या वेशीपर्यंत पाणी आणते. फाटकापासून वरचा पाण्याचा प्रवास इमारतीलाच सांभाळावा लागतो.

पावसाच्या पाण्याबद्दल एक भाबडी समजूत फार पसरली आहे. माहितीपत्रकावर पर्जन्यजल संधारणाचं चित्र असतं आणि घेणाऱ्याला वाटतं, चला, पाण्याची सोय झाली. छप्पन्न फ्लॅटच्या इमारतीची गच्ची साधारण ४५० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरू, त्यातला ऐंशी टक्के हाती लागतो असं मानू. वर्षभरात २,५२,००० लिटर. वर काढलेल्या रोजच्या गरजेनं भागलं तर सात दिवसही भरत नाहीत. आता शंभर चौरस मीटर गच्चीचा, एका कुटुंबाचा बंगला घ्या. तिथे ५६,००० लिटर मिळतात आणि रोजचे ६७५ लिटर धरले तर ते ८३ दिवस जातात. मजले वाढतात तसं छप्पर वाढत नाही. सौर पाणीतापक आणि सौर पॅनेल यांचंही हेच आहे. चौदाव्या मजल्यासकट सगळ्यांना पुरेल एवढं ऊन गच्चीवर पडत नाही. तरीही गच्चीचं पाणी सोडू नये. ते पिण्यासाठी साठवण्याचा अट्टाहास करण्यापेक्षा पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर काढून, वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरमध्ये सोडणं जास्त उपयोगाचं. गाळणी दर मे महिन्यात उपसून धुवावी लागते. न धुतलेल्या गाळणीतून गच्चीवरची माती आणि पारव्यांची घाण थेट बोअरमध्ये उतरते, आणि मग बोअरच्या पाण्याला वास का येतो याचा शोध सुरू होतो.

बोअरवर विसंबायचं किती हेही खडक बघून ठरवावं. आपला काळा पाषाण लाव्ह्याच्या थरांनी बनलेला. घट्ट खडकात पाणी मुरत नाही. ते असतं वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यात. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये भरभरून देणारं बोअर मार्चमध्ये हवा फेकतं. शेजारी तीन इमारतींचे बोअर एकाच सांध्यावर असतील तर सगळ्यात खोल असणाऱ्याला पाणी मिळतं आणि पुढच्या वर्षी बाकीचे दोघं त्याच्याहून खोल जातात. यात पाणी वाढत नाही.

टाकीचं एक दुखणं जीवावर बेतणारं आहे. उंच इमारतीत आगीसाठी वेगळा साठा ठेवणं बंधनकारक असतं. नीट बांधलेल्या व्यवस्थेत महापालिकेचं पाणी आधी आगीच्या टाकीत पडतं, ती भरली की वरच्या तोंडातून ओसंडून वापराच्या टाकीत जातं. त्यानं आगीची टाकी सतत भरलेली राहते आणि पाणीही शिळं होत नाही. एप्रिल-मेमध्ये टंचाई सुरू झाली की कुणीतरी दोन्ही टाक्यांच्या मधल्या भिंतीला तळाशी छिद्र पाडून व्हॉल्व्ह बसवतं. तात्पुरतं म्हणून. मग आगीचा साठा टंचाईतला राखीव साठा होतो. आग लागण्याचा धोका सगळ्यात जास्त कधी? याच महिन्यांत, एसी आणि कूलर रात्रंदिवस चालू असताना, डक्टमधल्या केबल तापलेल्या असताना. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. जानेवारीत टाकी भरलेली असते, जुलैत पुन्हा भरलेली असते. म्हणून सोसायटीनं स्वतःहून एप्रिलच्या शेवटी झाकण उघडून बघावं. गच्चीवरच्या शेवटच्या हायड्रंटला होज जोडून पंप सुरू करावा आणि पाण्याला जोर आहे का ते पाहावं. प्रेशर गेजचा काटा बघून समाधान मानू नये, तो वर्षानुवर्षं एकाच जागी अडकलेला असू शकतो.

आगीच्या यंत्रणेत आणखी एक बारकावा. विजेच्या आणि पाण्याच्या उभ्या डक्टना प्रत्येक मजल्यावर स्लॅबच्या पातळीला आग रोखणाऱ्या पदार्थानं बंद करायचं असतं. इंटरनेटची केबल टाकायला आलेला माणूस ते फोडतो आणि तसंच सोडून जातो. असा उघडा डक्ट चिमणीचं काम करतो, तिसऱ्या मजल्यावरचा धूर काही मिनिटांत बाराव्यावर. २४ मीटरच्या वरच्या मजल्यावर ठेवलेली आश्रयाची मोकळी जागा तर बघायलाच नको. जुने सोफे, सायकली, दिवाळीचे आकाशकंदील. ती जागा शिडी पोहोचेपर्यंत माणसांनी उभं राहण्यासाठी आहे.

गच्चीवरून खाली येणाऱ्या पाण्याचा दाब हा दुसरा दुर्लक्षित विषय. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब. गच्चीवरच्या टाकीचा तळ पंचेचाळीस मीटरवर असेल तर पहिल्या मजल्यावरच्या नळाला चार किलोच्या आसपास दाब येतो आणि चौदाव्या मजल्यावरच्या शॉवरला अर्धा किलोही येत नाही. खालच्या घरात नळाचे वॉशर वरचेवर जातात, गिझरच्या जोडणीतून गळतं, फ्लशची टाकी कधी थांबतच नाही. वरच्या घरात बादली भरायला दहा मिनिटं. उपाय ठरलेला आहे. खालच्या मजल्यांच्या उभ्या पाइपवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह आणि वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी छोटा प्रेशर पंप. पण व्हॉल्व्हला आपलं जड, क्षाराचं बोअरचं पाणी दिलं की आतली जाळी दोन वर्षांत चुन्यानं बुजते. मग प्लंबर व्हॉल्व्ह काढून तिथे सरळ तुकडा जोडतो आणि सगळं पूर्वपदावर. व्हॉल्व्हच्या आधी गाळणी आणि दोन्ही बाजूंना बंद करायचे कॉक एवढं दिलं तर तो पंधरा मिनिटांत साफ होतो.

पण पाण्याचं नातं नळापुरतं नाही. जमिनीपासूनच ते सुरू होतं.

नांदेड, परभणी, गंगाखेड, पैठण या गोदाकाठच्या पट्ट्यात काळी माती कित्येक फूट खोल असते. कापसाला ती सोन्यासारखी. इमारतीला मात्र तिचा स्वभाव झेपत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उंच इमारतीचा पाया मातीत कुणी ठेवत नाही, तो मुरूम ओलांडून खडकावरच जातो. म्हणून इमारतीला फारसं काही होत नाही. होतं ते तिला चिकटलेल्या हलक्या गोष्टींना. कंपाउंडची भिंत, रॅम्प, सुरक्षारक्षकाची खोली, ड्रेनेजचे चेंबर. हे सगळं काळ्या मातीवर उथळ पायानं बसवलेलं असतं. पहिल्याच पावसाळ्यात ते दोन-चार सेंटिमीटर वरखाली होतं आणि इमारतीतून बाहेर पडणारा पाइप नेमका बाहेरच्या भिंतीजवळ तुटतो, कारण आतली बाजू खडकावर अचल आणि बाहेरची मातीबरोबर हलणारी. तिथून सांडपाणी मातीत मुरतं, माती आणखी फुगते. खोदलेल्या खड्ड्यात भरायला तीच काळी माती न वापरता मुरूम आणून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून दाबायचा. पाइप बाहेर पडतो तिथे लवचीक जोड द्यायचा. इमारतीभोवती मीटरभर रुंदीचा उताराचा पट्टा करायचा, म्हणजे पावळीचं पाणी पायाशी मुरत नाही. एवढ्यात हे दुखणं टळतं. खर्च किरकोळ असतो, पण तो सगळ्यात शेवटी, पैसे संपत आलेले असताना येतो.

खडक लागला म्हणजे काम झालं असंही समजू नये. काळ्या पाषाणाच्या घट्ट थराखाली तांबड्या मातीचा किंवा भुसभुशीत मांजऱ्या खडकाचा थर असू शकतो. ब्रेकर वाजायला लागला, ठिणग्या उडाल्या की मुकादम म्हणतो, ‘साहेब, लागला दगड.’ तो दगड एक मीटर जाडीचा आहे की सहा, हे फक्त बोअर घेऊन काढलेल्या गाभ्यातून कळतं. गाभ्याचे तुकडे खोक्यात खोलीप्रमाणे मांडून ठेवलेले असतात. सलग लांब कांड्या निघाल्या तर खडक चांगला, बांगड्यांसारखे तुकडे निघाले तर भेगाळ. दोनशे-अडीचशे टन भार घेऊन येणाऱ्या कॉलमखाली काय आहे हे बघण्यासाठी चार-सहा बोअर घेणं हा इमारतीच्या एकूण खर्चातला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

मग काँक्रीटमधलं पाणी. आमच्याकडच्या उंच इमारतींची खरी परीक्षा मार्च ते जून या चार महिन्यांत होते. एम-३० दर्जाच्या काँक्रीटच्या एका घनमीटरमध्ये समजा ४०० किलो सिमेंट आणि १६८ लिटर पाणी आहे. प्रमाण ०.४२. प्लँटवरून निघालेला मिक्सर जालना रोडच्या गर्दीत अडकला, बाहेर ४२ अंश. साइटवर पोहोचेपर्यंत माल घट्ट झाला, पंपात अडकायला लागला. तेव्हा मिक्सरवरचा माणूस पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडतो. घनमीटरमागे वीस लिटर, म्हणजे सहा घनमीटरच्या गाडीत फक्त १२० लिटर. प्रमाण ०.४७ झालं. ताकद दहा-बारा टक्क्यांनी उतरली, आणि जास्तीचं पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेल्या सूक्ष्म पोकळ्यांतून पुढची पन्नास वर्षं ओल आत जाणार. यावर मिक्सरवाल्याला रागावून उपयोग नाही. काँक्रीट पहाटे किंवा रात्री ओतायचं, खडीचे ढीग सावलीत ठेवून त्यावर पाणी शिंपडायचं, मिश्रणात थंड पाणी किंवा बर्फ वापरायचा, आणि माल घट्ट झालाच तर पाण्याऐवजी, काँक्रीट प्रवाही ठेवायला प्लँटवर घातलेलं रसायनच ठरवून दिलेल्या मात्रेत पुन्हा घालायचं. गाडी भरल्यापासून दोन तासांत माल रिकामा झाला पाहिजे. ओतताना काँक्रीटचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. साधा थर्मामीटर त्यात खुपसून बघायला अर्धं मिनिट लागतं.

क्रश सँड हा याच गणिताचा भाग. गोदावरी, दुधना, पूर्णेच्या वाळूचे लिलाव आणि उपसा यांवर निर्बंध आल्यापासून बहुतेक काम खडी क्रशरच्या वाळूवर चालतं. चांगली धुतलेली, घनाकार दाण्यांची क्रश सँड नदीच्या वाळूइतकीच भरवशाची. पण धूळ जास्त असेल तर ती पाणी पिते, आणि पाणी वाढवल्याशिवाय काँक्रीट हलत नाही. धुवायला पाणी लागतं म्हणून टंचाईत न धुतलेली येते.

मिश्रणाला आणि क्युरिंगला, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवायला, बोअरचं पाणी वापरायचं असेल तर आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत आणि सल्फेट ४०० च्या आत हवं, सामू सहाच्या खाली नको. एकदा तपासून भागत नाही, मे महिन्यात खालावलेल्या बोअरमधले क्षार वाढलेले असतात.

क्युरिंगवर मला थोडं थांबायचंय, कारण मराठवाड्यात सगळ्यात जास्त चोरी इथे होते आणि ती कुणाला चोरी वाटत नाही. साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस, कोरड्या-गरम हवेत दहा दिवस, आणि फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं सिमेंट असेल तर चौदा दिवसांपर्यंत काँक्रीट ओलं ठेवायचं असतं. ओलं म्हणजे सतत ओलं. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून केलेलं क्युरिंग दुपारी बारा ते चारच्या उन्हात संपून जातं, आणि ओलं-कोरडं होत राहिलेल्या पृष्ठभागाला बारीक जाळी पडते. ४०० चौरस मीटरच्या स्लॅबवर सिमेंट-वाळूचे बांध घालून पाच सेंटिमीटर पाणी साठवायचं तर वीस हजार लिटर लागतात, दोन टँकर, आणि उडून जाईल तेवढं रोज भरायचं. आसपासच्या वस्तीत प्यायला पाणी आठवड्यानं येत असताना हे पाणी स्लॅबवर ओतणं कुणाच्याही मनाला टोचेल. ते टोचणं खरं आहे. त्यावर उत्तर क्युरिंग कमी करणं हे नव्हे. ओतल्यावर पृष्ठभागाची चमक जाताच प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे पहिल्या काही तासांतले तडे थांबतात. दुसऱ्या दिवसापासून ओलं गोणपाट आणि त्यावर पुन्हा तोच प्लॅस्टिक कागद. पाणी निम्म्याहून कमी लागतं. कॉलमला गोणपाट गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधलं की दिवसातून एकदा पाणी पुरतं. भिंतींसाठी फवारायचं क्युरिंग कंपाउंडही मिळतं, फक्त ते साचा काढल्या काढल्या मारावं लागतं.

घाईचा दुसरा बळी म्हणजे सेंट्रिंग, ओलं काँक्रीट पेलणारा साचा आणि त्याखालचे टेकू. आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपेक्षा जास्त असलेल्या स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस आणि सहा मीटरहून लांब बीमखालचे एकवीस दिवस ठेवायचे असतात. उंच इमारतीत वरचा ओला स्लॅब खालच्या कोवळ्या स्लॅबवर टेकलेला असतो, म्हणून एका वेळी किमान दोन-तीन मजल्यांना टेकू लागतात. टेकू भाड्यानं आणलेले असतात आणि भाडं दिवसावर चढतं. हे सगळं इंजिनिअरला ठाऊक असतं. त्याच्याकडे नसतो तो नाही म्हणण्याचा अधिकार.

इथे किल्लारीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवच्या सीमेवर धरणी हलली आणि हजारो माणसं झोपेतच गेली. ती घरं उंच नव्हती. मातीत रचलेल्या दगडाच्या रुंद भिंती आणि वर हातभर जाडीचं माळवद. त्या वेळी हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात मोजला जात होता. २००२ च्या सुधारित मानकात लातूरचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला, संभाजीनगर दुसऱ्यात राहिलं. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हा नांदेड-परभणीतल्या फ्लॅटमधली माणसं जिन्यानं खाली धावली. डोक्यावर काय वजन आहे आणि ते कशानं बांधलंय, हा या मातीतला न विसरण्याचा प्रश्न आहे.

आजच्या इमारतीत त्याचं उत्तर रिंगांमध्ये असतं. कॉलमच्या उभ्या गजांभोवतीची रिंग टोकाला १३५ अंशांत आत वळवलेली हवी, म्हणजे तिचा आकडा काँक्रीटच्या गाभ्यात रुततो. काटकोनात वळवलेली रिंग भूकंपात वरचं कव्हर सुटताच उघडते आणि उभे गज बाहेर फुगतात. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला किमान ४५० मिलिमीटर लांबीत रिंगा १०० मिलिमीटरच्या आत हव्यात. कॉलम आणि बीम जिथे मिळतात त्या सांध्यातही त्या चालू राहिल्या पाहिजेत, आणि नेमक्या तिथेच त्या गाळल्या जातात, कारण चारी बाजूंनी आलेल्या बीमच्या गजांतून रिंग सरकवणं जिकिरीचं. गजांचा जोड कॉलमच्या मधल्या भागात घ्यायचा, स्लॅबला लागून नाही. खालचा मजला पार्किंगसाठी भिंतींविना मोकळा सोडला असेल तर तो वरच्यापेक्षा दुबळा पडतो. तिथे कातर भिंती, म्हणजे आडवा धक्का पेलणाऱ्या काँक्रीटच्या सलग भिंती, किंवा जास्त मजबूत कॉलम हवेत, आणि मागाहून कुणाला दुकानाचा गाळा काढायला परवानगी देऊ नये.

गज बहुतेक जालन्याचे. मराठवाड्यातलं बांधकाम जालन्याच्या मिलवर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल. माल तपासायची सोपी रीत म्हणजे एक मीटर तुकडा कापून वजन करणं. व्यासाच्या वर्गाला १६२ नं भागलं की मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिलिमीटरला ०.८८८ किलो, १६ ला १.५८. बारा आणि सोळाच्या गजाला पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्याहून हलका आला तर गाडी परत पाठवायची. वजनावर विकत घेऊन नगावर वापरलेला हलका गज डिझाइनमध्ये कमी लोखंड होऊन बसतो.

अलीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंतींसकट अख्खा मजला एका दमात ओततात. काम झपाट्यानं होतं आणि भूकंपाला अशी इमारत चांगली टिकते. पण आपल्या हवेत काँक्रीटची पातळ भिंत तापली की रात्री बारापर्यंत आत उष्णता सोडत राहते. हलक्या एएसी ब्लॉकमधून उष्णता तिच्या मानानं फारच कमी आत येते. पश्चिमेची भिंत काँक्रीटचीच असेल तर तिला बाहेरून आवरण किंवा खिडकीवर खोल सज्जा द्यायला हवा. त्याचा नकाशात विचार न झाल्यानं पुढे प्रत्येक घराला एसी लागतो, आणि इमारतीचा ट्रान्सफॉर्मर मे महिन्यात उडतो.

पुन्हा पाण्याकडे. १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर फ्लशला जातात. छप्पन्न घरांत ते रोज १२,६०० लिटर होतात. हे पाणी प्यायच्या दर्जाचं असण्याची काहीच गरज नाही. इमारतीत सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र आणि फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन असेल तर टाकीचा आकार, टँकरची संख्या, बोअरवरचा ताण, सगळं एक तृतीयांशानं उतरतं. मराठवाड्यात उंच इमारतीला दुसरी कुठलीही सुविधा नसली तरी चालेल, ही हवी. जलतरण तलावाच्या आधी ही हवी.

संयंत्र बंद का पडतात हेही समजून घ्यावं. त्यातलं काम जिवाणू करतात आणि त्यांना सतत हवा लागते. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद केला की ते मरतात, पाणी काळं पडतं, वास येतो, रहिवासी तक्रार करतात आणि संयंत्र कायमचं बंद होतं. दुसरं कारण म्हणजे सुरुवातीला छप्पन्नपैकी दहाच घरांत माणसं राहायला येतात. जिवाणूंना पुरेसं खाद्यच मिळत नाही. अशा इमारतीत संयंत्र दोन भागांत विभागलेलं असावं, आधी एक भाग सुरू करायचा. तिसरं, फ्लशची पाइपलाइन आणि पिण्याची पाइपलाइन वेगळ्या रंगाच्या असाव्यात आणि प्लास्टरच्या आत जाण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवावेत. नूतनीकरण करताना एखाद्या घरात दोन्ही जोडल्या गेल्या तर अख्ख्या उभ्या रांगेला जुलाब होतात.

ताबा घेताना लोक फरशीवर गोटी फिरवून उतार बघतात, दारं लावून-उघडून बघतात. तेही करावं. पण सोसायटी होताना बिल्डरकडून भोगवटा प्रमाणपत्राच्या बरोबरीनं ही कागदं मागून घ्यावीत: प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपांचा आणि व्हॉल्व्हचा नकाशा, दोन्ही टाक्यांची मापं आणि त्यांच्यामधल्या जोडणीचं चित्र, पंपांच्या क्षमतेचा तक्ता, जमिनीचा बोअर अहवाल, काँक्रीटच्या ठोकळ्यांचे २८ दिवसांचे निकाल, संयंत्राचं माहितीपुस्तक. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर तो बिल्डरनं तीस दिवसांत, विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. पण दोष दाखवायला आधी मूळ काय ठरलं होतं ते हातात लागतं. पाचव्या वर्षाच्या एप्रिलमध्ये, टाकी रिकामी करून धुवायच्या दिवशी, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि एक जुना प्लंबर दोघांना बोलावून आतली भिंत, तळाचा सांधा, तळघराचं छत आणि पार्किंगमधल्या कॉलमचे पाय बघून घ्यावेत, आणि जे सापडेल ते लेखी, पोच घेऊन कळवावं.